पसंती कुणाची?

सोयाबीन-तुरीचे पैसे हाती आले, की आमच्या वाशीम जिल्ह्यात मुली पाहण्याचे दिवस सुरू होतात. रमजान आणि मोहरम सोडून जो रविवार सापडेल त्या रविवारी भाड्याच्या गाड्या निघतात. मंगरुळपीरहून कारंजाला, कारंजाहून मानोऱ्याला, रिसोडहून मालेगावला. गाडीत मुलाची आई असते, मोठी बहीण असते, एखादी खाला, एखादी फुफी असते आणि सोबतीला आमच्यासारखे एखादे ‘समजदार’ जोडपे असते. बऱ्याचदा गाडीत मुलगा तेवढा नसतो.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांत दोघांची मिळून सत्तावन्न वर्षे गेली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आम्ही नोकरीत मुरलेलो होतो. मास्तर आणि बाई बरोबर असल्या म्हणजे बोलणी नीट होतात, असा लोकांचा समज. त्यामुळे किती घरांतल्या सतरंज्यांवर आम्ही बसलो आणि किती घरांतले सरबत प्यालो, याचा हिशेब नाही.

त्या घरांत काय होते, हे वाचकांना सांगायला नको. मुलगी ट्रे घेऊन येते. सलाम करते. नाव, शिक्षण, कुराण शरीफ किती वेळा पूर्ण केले, शिवण येते का, हे विचारून होते. मग कुणीतरी म्हणते, ‘‘बेटी, जरा पानी पिलाना.’’ तहान कुणालाच नसते. मुलगी उठून कशी चालते, ते पाहायचे असते. एखादी खाला तिला लाडाने खिडकीजवळ बसवून घेते. तो लाड नसतो, उजेड असतो. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे आटोपते. गाडी गावाच्या वेशीबाहेर पडते न पडते, तोच निकाल लागतो: ‘‘लडकी अच्छी है, पर रंग जरा दबता है.’’

या वाक्याला आम्ही कधी विरोध केला नाही. एकदा तर ते आमच्याच तोंडून निघाले.

या गोष्टीला पंधरा वर्षे झाली. आमच्या भाच्यासाठी रिसोडकडच्या एका घरी गेलो होतो. मुलगी डी.एड. झालेली. विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरे देणारी. एका प्रश्नावर तर तिने असे काही हसत उत्तर दिले, की सगळी बैठक हसली. त्या दिवशी अपवाद म्हणून भाचाही बरोबर होता. परतताना तो हळूच म्हणाला, ‘‘मुझे तो ठीक लगी.’’ त्यावर आम्हीच त्याला समजावले. घाई करू नकोस, अजून दोन-तीन ठिकाणे पाहू, रंग जरा दबता आहे, उद्या चार लोकांत नाव निघेल. भाचा गप्प बसला. त्या मुलीच्या घरी ‘कळवतो’ म्हणून सांगितले होते, ते कधीच कळवले नाही.

गाडीच्या मागच्या सीटवर आमची दहा वर्षांची मुलगी बसली होती. ती झोपली आहे, असे आम्हाला वाटले होते.

आज ती पंचवीस वर्षांची आहे. एम.एस्सी. झाली आहे. मागच्या दोन वर्षांत तिला पाहायला सहा घरची माणसे आली आणि सहा वेळा ‘कळवतो’ म्हणून गेली. सहाव्या वेळी तिची आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मुलगी तिथे येऊन उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘अम्मी, वो रिसोडवाली लडकी का रंग तो मेरे से साफ था ना?’’

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुरते उत्तर आजही नाही. पण माणसाच्या रूपाकडे पाहावे की नाही, पाहिले तर किती आणि कुणी पाहावे, यावर तेव्हापासून आम्ही दोघे घरात भांडत आलो आहोत. त्या भांडणातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिले उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सूरत नको, सीरत पाहा. रूप चार दिवसांचे, स्वभाव जन्माचा. मशिदीत, जलशात, लग्नाच्या बैठकीत आपण हे ऐकतो आणि माना डोलावतो. पण हे वाक्य नेमके कुणाबद्दल बोलले जाते, याकडे आमचे लक्ष मुलीच्या प्रश्नानंतर गेले. गोऱ्या, नाकीडोळी नीटस मुलीबद्दल ‘सीरत पाहा’ असे कुणी म्हणत नाही. तिची सीरत न पाहताच चांगली ठरते. ‘सीरत’ हा शब्द आपण सावळ्या मुलीसाठी, ठेंगण्या मुलासाठी, चेहऱ्यावर डाग असणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. परीक्षेत नंबर न आलेल्या मुलाला जसे उत्तेजनार्थ बक्षीस देतात, तसे आपण सीरतीचे करून टाकले आहे. ज्या गुणाला आपण तोंडाने सर्वांत वर बसवतो, त्याला व्यवहारात सांत्वनाच्या कामाला लावतो. हा रूपावरचाच नव्हे, सीरतीवरचाही अन्याय आहे.

दुसरे उत्तर तरुण मुलांचे. आवड ज्याची त्याची असते, ती कुणावर लादता येत नाही. हे खरे आहे. पण वरच्या गाडीत कुणाची आवड होती? भाच्याला मुलगी आवडली होती. नकार त्याच्या आवडीने दिला नाही, आमच्या धास्तीने दिला. चार लोक काय म्हणतील, जावा-नणंदांत सून कशी दिसेल, फोटोत कशी येईल, याची ती धास्ती होती. आपण ज्याला ‘पसंती’ म्हणतो ते पुष्कळदा आकर्षण नसतेच. दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेली ती किंमत असते. बाजारात बैल घेताना माणूस आपल्याला आवडतो म्हणून नव्हे, तर गावाने नाव काढावे म्हणून पांढरा घेतो, त्यातला हा प्रकार.

मग दीन काय म्हणतो? आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे होते, की धर्माने रूपाला जागाच दिलेली नाही. दुसऱ्याने हदीसची पुस्तके काढली आणि ते म्हणणे टिकले नाही. मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी एका स्त्रीला मागणी घातली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना ‘आधी पाहून घे’ असेच सांगितले होते, म्हणजे दोघांत प्रेम टिकण्याची शक्यता वाढेल. स्त्रीशी लग्न चार गोष्टींसाठी केले जाते, धन, कूळ, रूप आणि दीन, यांतला दीन धर, ही प्रसिद्ध हदीसही रूप हे कारण असते हे नाकारत नाही. ती फक्त क्रम लावून देते. आपला दीन माणसाला डोळे मिटून लग्न करायला सांगत नाही.

एवढेच नाही. साबित बिन कैस (रजि.) यांची पत्नी प्रेषितांकडे आली आणि म्हणाली, की नवऱ्याच्या दीनाबद्दल किंवा वागण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मला त्याच्याबरोबर राहवत नाही. काही रिवायतींत त्यांचे रूप तिला आवडत नव्हते, असा उल्लेख येतो. प्रेषितांनी तिला ‘सीरत पाहा’ म्हणून परत पाठवले नाही. मेहेरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, एवढेच विचारले. ती हो म्हणाली आणि तिला मोकळीक मिळाली. खुलाच्या चर्चेत हा दाखला नेहमी दिला जातो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. पाहणारी, आवडणारी, नावडणारी नजर स्त्रीलाही असते, आणि ती ऐकून घेण्याजोगी असते, हे तिथे मान्य झाले आहे. आपण मुलीला ट्रे घेऊन बाहेर बोलावतो, तेव्हा तिलाही डोळे आहेत हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते?

याच्याच शेजारी जुलैबीब (रजि.) यांची हकिकत ठेवून पाहावी. ते दिसायला साधे, उंचीने लहान आणि घराण्याने फारसे माहीत नसलेले सहाबी. प्रेषितांनी त्यांच्यासाठी एका अन्सारी घरी मुलगी मागितली. आई-वडील अडखळले. आतून मुलीने विचारले, मागणी कुणी घातली आहे? आणि ती स्वतः तयार झाली. लग्नानंतर थोड्याच काळात जुलैबीब लढाईत शहीद झाले. ते माझे आहेत आणि मी त्यांचा आहे, असे प्रेषितांनी त्यांच्याबद्दल म्हटल्याचे हदीसमध्ये येते. एका स्त्रीने न दिसणाऱ्या गोष्टी पाहून हो म्हटले, दुसरीने सगळे चांगले असूनही नाही म्हटले. दोघींचे ऐकले गेले. या दोन हकिकतींतून आम्हाला जे दिसले ते असे, की पाहणे गैर नाही. कुणी पाहायचे आणि काय पाहायचे, हे पाहणाऱ्या दोघांवर सोपवायचे आहे, गाडीभर माणसांवर नाही.

आता मानसशास्त्राकडे वळू. मुलीच्या निमित्ताने आम्ही या विषयावरचे थोडेफार वाचन केले. १९६६ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी ७५२ नव्या विद्यार्थ्यांसाठी नाचाचा एक कार्यक्रम ठेवला. जोड्या संगणक लावेल, असे त्यांना सांगितले. प्रत्यक्षात जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावलेल्या होत्या. बुद्धी, स्वभाव, यांच्या चाचण्या आधीच घेतल्या होत्या. कोणाला आपला जोडीदार पुन्हा भेटावासा वाटला, हे तपासले तेव्हा बुद्धीचा उपयोग झाला नव्हता, स्वभावाचाही नाही. चालले होते ते फक्त रूप. आणि हे मुलांइतकेच मुलींबाबतही खरे निघाले. म्हणजे काही तासांच्या भेटीत माणूस रूपच पाहतो. तो वाईट असतो म्हणून नाही, तेवढ्या वेळात दुसरे काही दिसतच नाही म्हणून.

१९७२ साली दुसरा एक प्रयोग झाला. लोकांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांचा स्वभाव, संसार, नोकरी कशी असेल ते विचारले. सुंदर चेहऱ्याच्या माणसांना लोकांनी चांगला स्वभाव, चांगली नोकरी आणि सुखाचा संसार बहाल करून टाकला. आपली खाला जे करते, तेच हे. गोऱ्या मुलीची सीरत तिने पाहिलेली नसते, ती रंगावरून वाचलेली असते.

पण आम्हाला सर्वांत जास्त हलवून गेला तो १९७७ चा प्रयोग. काही तरुणांना फोनवर एका अनोळखी मुलीशी बोलायला लावले. बोलण्याआधी प्रत्येकाला एक फोटो दिला, हीच ती मुलगी असे सांगून. फोटो खोटे होते. कुणाला देखण्या मुलीचा मिळाला, कुणाला साध्या मुलीचा. मुलींना यातले काहीच ठाऊक नव्हते. नंतर मुलींच्या बाजूचे बोलणे तेवढे तिसऱ्याच लोकांना ऐकवले. ज्या मुलीला समोरचा देखणी समजत होता, तिचे बोलणे त्यांना अधिक मोकळे आणि प्रेमळ वाटले. मुलगी तीच, पण समोरच्याने तिला सुंदर मानले म्हणून ती खुलली. ज्यांना साधे मानले गेले, त्या मिटल्या.

हे वाचले त्या रात्री आमच्या घरात फारसे कुणी बोलले नाही. सहा वेळा खिडकीजवळ बसवलेली आमची मुलगी सहाव्या वेळी एका शब्दात उत्तरे देत होती. पाहुण्यांपैकी एक बाई जाताना म्हणाल्या, ‘‘लडकी जरा घुन्नी लगती है.’’ घुन्नी ती नव्हती. तिला आम्ही सर्वांनी मिळून घुन्नी केले होते.

पुढच्या संशोधनात मात्र दिलासा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्खननाच्या शिबिरातील विद्यार्थ्यांना सोबत्यांचे रूप पहिल्या दिवशी आणि काही आठवड्यांनी पुन्हा जोखायला सांगितले. मधल्या काळात जो कष्ट करणारा, आवडता, मान मिळवणारा ठरला, त्याचा चेहराही लोकांना अधिक चांगला दिसू लागला होता. चेहरे तेच होते, डोळे शिकले होते. २०१५ साली १६७ जोडप्यांच्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचे ओळखीनंतर लगेच जमले, त्यांची रूपे साधारण तोलामोलाची होती. ज्यांची आधी बराच काळ ओळख होती, त्यांच्यात हा तोल फारसा राहिला नव्हता. थोड्या ओळखीत रूपाचा बाजारभाव चालतो. ओळख वाढली, की बाजार उठतो आणि प्रत्येकजण आपल्या डोळ्यांनी पाहू लागतो.

हे कळायला मिनेसोटापर्यंत जावे लागले, याचे आम्हाला जरा हसू आले. कारण आपल्या वाशीमचीच एक जुनी गोष्ट हेच सांगते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून जातो आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागे पाठवते. गंमत अशी, की तो तिला पाहताक्षणी भुलत नाही. पूर्वेकडच्या देशात त्याचे मन तिच्याकडे वळत नाही. पांचालात थोडे नरमते. अवंतीत आणखी. देश बदलतो तशी तिची वेशभूषा बदलते, नृत्य बदलते, बोलण्याची रीत बदलते. विदर्भात येईतो तो पुरता तिचा होतो आणि वत्सगुल्म नगरात दोघांचे लग्न लागते. साहित्यशास्त्राचे अभ्यासक या कथेचा अर्थ निराळा लावतील आणि तो बरोबरच असेल. आम्हा दोघा मास्तरांना तीत एवढे दिसले, की आमच्याच गावात लागलेले ते लग्न वीस मिनिटांच्या पसंतीने लागलेले नाही. त्याला अर्धा देश चालावा लागला, आणि निर्णायक ठरले ते तिचे बोलणे.

रंगाबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण आपल्याकडे रूप म्हणजे निम्म्याहून अधिक रंगच. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि गोरेपणा ट्यूबमध्ये मिळू लागला. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. त्याच वर्षी शादी डॉट कॉम या संकेतस्थळाला रंगावरून स्थळे चाळण्याची सोय काढून टाकावी लागली. दुकानाची पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच राहिले. पण सगळा दोष बाजारावर टाकून आपण मोकळे होऊ नये. मुसलमान समाजात गोऱ्या रंगाला आणखी एक जुने ओझे चिकटलेले आहे. आमचे पूर्वज बाहेरून आले, आम्ही मोठ्या खानदानाचे, याची खूण म्हणून रंगाकडे पाहिले जाते. कापूस पिंजणारे, भाजी विकणारे, बांगड्या भरणारे, शेतात राबणारे आम्ही वऱ्हाडातले मुसलमान याच काळ्या मातीतले आणि याच उन्हातले. त्या मातीचा रंग अंगावर आला तर तो लपवायचा कशाला? काळ्यावर गोऱ्याला आणि गोऱ्यावर काळ्याला कोणतेही श्रेष्ठत्व नाही, हे अखेरच्या प्रवचनातले शब्द आपण पाठ केले आहेत. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आपण मुलांना कौतुकाने ठेवतो. फक्त बिलालच्या रंगाची सून आपल्याला नको असते.

हे सारे लिहिताना आम्हाला आमचे कारंजाचे खालू आठवतात. जिनिंगमध्ये कामाला होते. १९६१ साली लग्न झाले. त्या काळी निकाहाआधी एकमेकांना पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आरसी-मुसहफच्या वेळी डोक्यावर ओढणी धरून मध्ये आरसा ठेवला, तेव्हा पहिली नजर. खाला सांगायच्या, ‘‘मेरे को तो खाली मूँछ दिखी.’’ खालूंना काय दिसले, ते त्यांनी म्हातारपणी सांगितले. खालांना लहानपणी देवी आल्या होत्या आणि चेहराभर व्रण होते. खालूंना हे कुणी आधी सांगितले नव्हते. ते म्हणाले, ‘‘पहिला महिना मला व्रणच दिसायचे. मग ते दिसायचे कधी बंद झाले, ते आठवत नाही.’’

ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो, संसारात सगळे जुळून येते याचा दाखला म्हणून. एकदा एका बैठकीत सांगत असताना कोपऱ्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, ‘‘बाई, सगळ्यांचे व्रण दिसायचे बंद होत नाहीत.’’ तिच्या नवऱ्याने तीस वर्षे तिच्याशी संसार केला. चार मुले झाली. पण घरच्यांनी ‘सीरत पाहा’ म्हणत गळ्यात मारलेल्या बायकोकडे तो कधी सरळ नजरेने बघत नसे. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी विचारले नव्हते, तिलाही नाही. एका माणसाला दुसऱ्याच्या घरात तीस वर्षे न पाहिलेले राहायला लावणे, यालाही आपण पुण्य समजत होतो.

त्या बाईने आमचे डोळे उघडले. काळ जादू करत नाही. नजर शिकते, पण ती शिकायला तयार असावी लागते, आणि तयारी माणसाची स्वतःची असावी लागते. म्हणून ‘रूप पाहू नका, लग्न उरका, पुढे होईल सगळे’ हा सल्ला आम्ही आता देत नाही. आणि ‘वीस मिनिटांत पाहा आणि ठरवा’ हाही देत नाही. दोन्ही सल्ल्यांत चूक एकच आहे. पाहायला हवे त्यांना पाहू न देणे.

मग आम्ही आता काय करतो? फार मोठे काही नाही. कुणी सोबत बोलावले तर तीन गोष्टी आधीच सांगतो. मुलगा गाडीत असेल तरच येऊ. मुलीला आधी विचारा, तिला ही भेट हवी आहे का. आणि पहिल्या भेटीत हो-नाही ठरवायचे नाही, घरच्यांच्या समोर पण दोघांना नीट बोलता येईल अशा आणखी दोन भेटी होऊ द्या. यात शरीअतच्या विरोधात काही नाही. पण रिवाजाच्या विरोधात आहे. म्हणून आम्हाला बोलावणी कमी येतात.

हाच नियम घरी लावला, तेव्हा त्याची किंमत कळली. सातवे स्थळ आले. मुलगा गोरा, सरकारी नोकरी, घर खाऊनपिऊन सुखी. त्यांना मुलगी पसंत पडली. दोन वर्षांनी आमच्या घरात कुणीतरी मोठ्याने हसले. दुसऱ्या भेटीनंतर मुलगी म्हणाली, ‘‘मला तो पसंत नाही.’’ कारण विचारले, तर म्हणाली, ‘‘तो माझ्याशी बोलताना एकदाही माझ्याकडे पाहत नव्हता. सगळा वेळ अम्मीकडे पाहून बोलत होता.’’

खरे सांगायचे, तर आमच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की तुझ्या रंगाला एवढे स्थळ मिळते आहे आणि तुला नखरे सुचतात. ते शब्द ओठांपर्यंत आले होते. पंधरा वर्षांपूर्वी गाडीत जे बोललो, तेच आता स्वतःच्या मुलीला बोलणार होतो. साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकिकत आम्ही इतक्या लोकांना ऐकवली होती. ती आपल्या घरी लागू करायची वेळ आली, तेव्हा जीभ अडखळली. शेवटी त्यांना कळवले. ‘कळवतो’ म्हणून गप्प बसलो नाही, त्याच दिवशी कळवले.

मुलीचे लग्न अजून ठरलेले नाही. आमची झोप अजून पूर्ण लागत नाही. वाचकांनी असे समजू नये, की योग्य वागले म्हणजे सगळे लगेच चांगले होते.

रिसोडच्या त्या मुलीचा हिशेब बाकीच आहे. हक्कुल-इबाद, म्हणजे माणसाचा माणसावरचा हक्क, ज्याचा आहे त्याने माफ केल्याशिवाय माफ होत नाही, असे आपण मानतो. कुणाचा पैसा बुडवला तर हे आपल्याला चटकन आठवते. कुणाच्या रंगावरून तिला बाजूला सारले, तर तो हक्क बुडवला असे आपल्याला वाटतही नाही. ती आता कुठे असेल, तिचे घर, तिची मुले असतील. माफी मागायला जावे, तर तिची जखम उघडण्यापलीकडे काय साधेल, असे आमच्यापैकी एकाला वाटते. दुसऱ्याला वाटते, की ही पळवाट आहे. या एका मुद्द्यावर आमचे दोघांचे आजवर एकमत झालेले नाही.

तोवर एवढेच करतो. गाडी वेशीबाहेर पडते आणि कुणीतरी ‘रंग जरा’ म्हणून सुरुवात करते, तेव्हा आम्ही मागे वळून पाहतो. मागच्या सीटवर कुणाची तरी लहान मुलगी बसलेली असतेच.